पडद्याचा ताल आणि चित्राची चाल

हलते चित्र म्हणजे वास्तविक स्थिर चित्रांची मालिका होय. ही चित्रे पुरेशा वेगाने एकामागून एक डोळ्यांसमोर आली, की त्यांच्यामधील खंड जाणवेनासे होतात आणि गतीचा भास निर्माण होतो. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि संगणकावरील खेळ ही तिन्ही माध्यमे याच एका तत्त्वावर उभी आहेत. तथापि पहिल्या दोहोंत आणि तिसऱ्यात एक मूलभूत भेद आहे. चित्रपटातील चित्रे प्रेक्षक खुर्चीत बसण्यापूर्वीच तयार झालेली असतात. ती केवळ क्रमाने दाखवायची असतात. खेळातील चित्र मात्र खेळणाऱ्याने कळ दाबल्यानंतर घडवले जाते. मोकळ्या मैदानाचे चित्र चटकन तयार होते. गर्दी, धूर आणि पाण्यातील प्रतिबिंबे असलेल्या दृश्याला अधिक वेळ लागतो. म्हणजेच खेळाची चित्रे समान अंतराने जन्माला येत नाहीत.

पडदा मात्र दीर्घकाळ ठराविक तालावरच चालत आला. हा ताल सोडून चित्राची वाट पाहणारे मॉनिटर गेल्या दशकात बाजारात आले. त्यांना बदलत्या रिफ्रेश रेटचे मॉनिटर म्हणतात. रिफ्रेश रेट म्हणजे पडदा एका सेकंदात जितक्या वेळा नव्याने रंगवला जातो ती संख्या. ती हर्ट्झ या एककात सांगतात. असा मॉनिटर घेणे कितपत फायद्याचे, हा प्रश्न दिसायला छोटा आहे. पण ज्या घरात संगणक एकदाच घेतला जातो आणि मॉनिटर पुष्कळ वर्षे वापरला जातो, तेथे तो विचारपूर्वक सोडवणे अगत्याचे ठरते. त्यासाठी पडद्याला हा ठराविक ताल मुळात लागला कोठून, हे प्रथम पाहिले पाहिजे.

हाताने फिरणारा दांडा

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याचे छायाचित्रण त्र्यंबक तेलंग यांनी केले होते. त्या काळचे कॅमेरे हाताने दांडा फिरवून चालवावे लागत आणि सेकंदाला साधारणतः सोळा ते वीस चित्रे घेतली जात. हात माणसाचा असल्यामुळे वेग थोडाफार कमीजास्त होई. प्रक्षेपक चालवणाराही आपल्या अंदाजाने वेग राखी. अर्थात त्या पडद्याला यंत्राने बांधलेला असा ताल नव्हता.

ध्वनी आला आणि ही मोकळीक संपली. चित्राचा वेग थोडा चुकला तर डोळा तो निभावून नेतो. पण ध्वनीचा वेग चुकला की आवाज लगेच चिरका किंवा घोगरा होतो. म्हणून सेकंदाला २४ चित्रे हा वेग बोलपटांसाठी कायमचा ठरला. १९३२ साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' काढला. कथा हरिश्चंद्राचीच होती. परंतु आता ती मोटरच्या अचूक गतीने पडद्यावर येत होती.

येथे आणखी एक अडचण होती. सेकंदाला केवळ २४ वेळा प्रकाश उघडझाप करू लागला, तर डोळ्यांना लुकलुक स्पष्ट जाणवते. यावर प्रक्षेपकाच्या कारागिरांनी सोपा उपाय योजला. प्रकाशापुढे फिरणाऱ्या झडपेला दोन पाती बसवून प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचे, म्हणजे चित्रे २४ च राहून उघडझाप ४८ वेळा होते. काही यंत्रांत तीन पाती असत व उघडझाप ७२ वेळा होई. चित्र नवे नसले तरी तेच पुन्हा दाखवावे, ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

विजेचा ताल

दूरचित्रवाणीने आपला ताल विजेच्या पुरवठ्याकडून घेतला. भारतात घरोघरी येणारी वीज ५० हर्ट्झची आहे. दिल्लीत १९५९ साली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, म्हणजे एकंदर ५० वेळा पडदा रंगवण्याची पद्धत स्वीकारली गेली. दोहोंचा ताल जुळल्यामुळे विजेमुळे उमटणारे पट्टे चित्रावरून सरकत नसत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तेथील दूरचित्रवाणी साठाच्या तालावर बसवली गेली.

दोन माध्यमांचे ताल जुळले नाहीत म्हणजे काय होते, हे त्याच काळात दिसून आले. २४ च्या वेगाने काढलेला चित्रपट २५ च्या दूरचित्रवाणीवर बहुधा किंचित वेगाने चालवला जाई. त्यामुळे दीडशे मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे. अमेरिकेत एक चित्र तीन वेळा व त्यापुढचे दोन वेळा, असे आलटून पालटून दाखवावे लागे. त्यामुळे कॅमेरा सावकाश एका बाजूला वळत असता दृश्य सूक्ष्म हिसके देई. तात्पर्य, पडद्याचा आणि चित्राचा ताल भिन्न असला, की कोठेतरी तडजोड करावीच लागते.

संगणकाचे मॉनिटर हे दूरचित्रवाणी संचाच्याच कुळातले. जुन्या काचनळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली ओळी रेखत जाई आणि रेखलेली ओळ क्षणार्धात मावळू लागे. झोत वेळेवर परत आला नाही तर पडदा काळवंडे. म्हणून ठराविक ताल ही तेथे निकडीची गरज होती. पुढे द्रव स्फटिकांचे चपटे पडदे आले. त्यांच्यावरील चित्र पुढचे चित्र येईपर्यंत बरेचसे टिकून राहते. निकड संपली होती; तरीही साठ हर्ट्झचा ताल सवयीने तसाच चालू राहिला.

वेळापत्रक आणि चुकलेली गाडी

साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर दर १६.७ मिलिसेकंदांनी पडदा नव्याने रंगवला जातो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. संगणकातील ग्राफिक्स कार्ड चित्र तयार करते व मॉनिटर ते वरपासून खालपर्यंत रेखतो. पडदा अर्धा रेखून झालेला असताना नवे चित्र तयार झाले तर काय करावे? येथे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग असा, की नवे चित्र तत्काळ घ्यावे. मग पडद्याचा वरचा भाग जुन्या चित्राचा व खालचा नव्या चित्राचा होतो. दृश्य वेगाने आडवे सरकत असेल तर खांब मध्येच तुटल्यासारखा दिसतो. यास चित्र फाटणे असे म्हणता येईल.

दुसरा मार्ग म्हणजे पडद्याची फेरी पूर्ण होईपर्यंत नव्या चित्राला थांबवून ठेवणे. या व्यवस्थेला व्हीसिंक म्हणतात. यात चित्र फाटत नाही. परंतु वेळापत्रकाने सुटणाऱ्या गाडीसारखी स्थिती होते. प्रवासी एक क्षण उशिरा पोहोचला, तरी त्याला पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर ताटकळावे लागते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, लागोपाठ चार चित्रे तयार होण्यास अनुक्रमे १४, १९, १६ आणि २२ मिलिसेकंद लागले. साध्या व्हीसिंकमध्ये पहिले चित्र १६.७ मिलिसेकंदांनी दिसेल. दुसऱ्याची पहिली गाडी चुकेल व त्याला ३३.३ मिलिसेकंद लागतील. तिसरे पुन्हा १६.७ मध्ये, तर चौथे ३३.३ मध्ये येईल. चार चित्रांना एकूण १०० मिलिसेकंद लागले. संगणकाने प्रत्यक्ष काम केले ते ७१ मिलिसेकंदांचे. उरलेला वेळ वाट पाहण्यात गेला. त्याहून त्रासदायक गोष्ट ही, की चित्रांमधील अंतर एकास दोन या प्रमाणात सारखे बदलत राहिले. डोळ्यांना जी अडखळण जाणवते ती यामुळेच. तयार चित्रे साठवण्यासाठी एक जादा जागा ठेवली, तर वाया जाणारा वेळ बराच वाचतो. अंतराची विषमता मात्र पूर्णपणे जात नाही.

शिवाय खेळणाऱ्याचा हात आणि पडद्यावरील परिणाम यांमधील अवधीही वाढतो. माउस हलवला आणि दृश्य क्षणभराने वळले, असा अनुभव येतो. चित्रपट पाहताना असा अवधी कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तेथे प्रेक्षकाला काही करायचे नसते.

पडदा थांबू लागला

बदलत्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर ही अडचण मुळातूनच दूर करतो. त्याला वेळापत्रक नसते. प्रवासी येऊन बसला की तो सुटतो. वरील चार चित्रे तो १४, १९, १६ व २२ मिलिसेकंदांनी, जशी तयार होतील तशी दाखवतो आणि ७१ मिलिसेकंदांत काम पुरे होते. चित्र फाटत नाही व विनाकारण थांबतही नाही. मूकपटाच्या काळातील दांड्याची मोकळीक एका अर्थाने परत आली. फरक इतकाच, की दांडा जलद फिरला की पडद्यावरील माणसेही जलद धावत, तर येथे चित्रांची संख्या बदलली तरी खेळातील घड्याळ आपल्या गतीनेच चालते.

ही कल्पना दोन वाटांनी प्रत्यक्षात आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जीसिंक जाहीर केले. त्यासाठी मॉनिटरच्या आत त्या कंपनीचा खास विद्युत्‌पट्ट बसवावा लागे व त्यामुळे मॉनिटर महाग पडे. दुसरी वाट वीज वाचवण्याच्या प्रयत्नातून आली. लॅपटॉपचा पडदा गरजेपुरताच रंगवावा, अशी तरतूद त्याच्या अंतर्गत जोडणीच्या प्रमाणकात २००९ पासून होती. पडद्यांची प्रमाणके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने मे २०१४ मध्ये तीच तरतूद ॲडाप्टिव्ह सिंक या नावाने डिस्प्लेपोर्ट या बाहेरच्या जोडणीसाठी खुली केली. एएमडी कंपनीचे फ्रीसिंक तिच्यावरच आधारलेले आहे आणि २०१५ पासून ते ग्राहकांना मिळू लागले. २०१७ मध्ये एचडीएमआय जोडणीच्या २.१ या आवृत्तीतही अशी सोय आली. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपली नवी कार्डे खुल्या पद्धतीच्या मॉनिटरांवरही चालू दिली, तेव्हा ग्राहकाची मोठी अडचण दूर झाली. तोवर कार्ड एका कंपनीचे व मॉनिटर दुसऱ्या पद्धतीचा असला, तर ही सोय असून नसल्यासारखी होई. आज ही सोय खेळासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या मॉनिटरांतही आढळते.

मर्यादा

कोणताही मॉनिटर अनिश्चित काळ थांबू शकत नाही. पत्रकावर '४८ ते १४४ हर्ट्झ' अशी मर्यादा छापलेली असते. या दोन आकड्यांच्या दरम्यानच पडदा चित्राच्या मागे चालतो. संगणक सेकंदाला ३० च चित्रे देऊ लागला तर? येथे प्रक्षेपकाच्या दोन पात्यांची युक्ती पुन्हा कामी येते. तेच चित्र दोनदा दाखवून पडदा ६० च्या गतीने चालवला जातो व तो मर्यादेतच राहतो.

परंतु यासाठी वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट असावा लागतो. ४८ ते ७५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तर काय होते पाहा. सेकंदाला ४० चित्रे आली. ४० हे ४८ च्या खाली, आणि त्यांची दुप्पट ८० ही ७५ च्या वर. म्हणजे दोन्ही दारे बंद. अशा मॉनिटरांत दोनदा दाखवण्याची सोय बहुधा दिलेलीच नसते. स्वस्त मॉनिटर घेणाऱ्याचा संगणक अनेकदा याच चाळिशीच्या आसपास चालतो, म्हणून मर्यादेचे हे दोन आकडे ब्रीदवाक्यांपेक्षा अधिक महत्त्वाचे समजावेत.

दुसरी मर्यादा उजेडाची. पडदा रंगवण्यातील अंतर भरभर बदलले, की काही पडद्यांचा उजेडही किंचित कमीजास्त होतो व अंधाऱ्या दृश्यांत लुकलुक दिसते. ओलेड आणि व्हीए प्रकारच्या पडद्यांवर ही तक्रार विशेष आढळते. तिसरी मर्यादा अशी, की धावत्या वस्तूंमागे उमटणारी सावली रोखण्यासाठी मॉनिटर जी दुरुस्ती करतो, ती एका ठराविक गतीसाठी बेतलेली असल्यास बदलत्या गतीत नीट लागू पडत नाही.

याखेरीज जे दोष पडद्याचे नाहीतच, ते पडदा दूर करू शकत नाही. डिस्कवरून माहिती येण्यास उशीर झाल्यामुळे खेळ क्षणभर गोठला, तर तो गोठलेलाच दिसेल. सेकंदाला २५ चित्रे देणारा संगणक हा मॉनिटर लावल्याने ५० देऊ लागणार नाही. पडदा चित्राची वाट पाहू शकतो; चित्र घडवू शकत नाही.

घ्यावा की न घ्यावा

आता एका घराचा विचार करू. जबलपूरमध्ये आधारतालाच्या बाजूस महाराजपूर ही वस्ती आहे. तेथील एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबात मुलाच्या अभ्यासासाठी आणि वडिलांच्या कामासाठी मिळून एकच संगणक आहे, ग्राफिक्स कार्ड मधल्या ताकदीचे आहे आणि जुना मॉनिटर बदलण्याची वेळ आली आहे, असे समजू. जबलपुरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. खोली तापली, की कार्डातील उष्णता बाहेर पडणे कठीण होते आणि फार तापलेले कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करते. जानेवारीत साठ चित्रे देणारा खेळ मे महिन्याच्या दुपारी पन्नासवर येणे अशक्य नाही. ठराविक तालाच्या मॉनिटरवर ही दहा चित्रांची घट अडखळण म्हणून डोळ्यांत भरते. बदलत्या तालाच्या मॉनिटरवर ती बहुतांशी ध्यानात येत नाही.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो प्रथमदर्शनी उलटा वाटेल. अशा मॉनिटरचा सर्वाधिक लाभ मधल्या ताकदीच्या संगणकाला होतो. ज्याचे कार्ड पडद्याच्या वरच्या आकड्याइतकी चित्रे सतत देते, त्याचा ताल मुळातच सम असतो. तेथे सुधारण्याजोगे थोडेच उरते. सेकंदाला शेकडो चित्रे घडवून स्पर्धेत उतरणारे काही खेळाडू तर चित्र थोडे फाटले तरी चालेल, पण अवधी नको, असे मानून सारे ताल बंदच ठेवतात. ज्याचा संगणक ४५ ते ९० च्या दरम्यान हेलकावे खातो, त्याला मात्र प्रत्येक मिनिटाला फरक जाणवतो. श्रीमंतांचा शौक म्हणून जी वस्तू बाजारात आली, ती वास्तविक बेताच्या साधनांत भागवणाऱ्याच्या अधिक उपयोगाची आहे.

म्हणून निर्णय घेताना प्रथम आपला संगणक किती चित्रे देतो ते मोजावे. बहुतेक खेळांत हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवण्याची सोय असते. तो सतत तिशीच्या खाली असेल, तर खेळातील चित्रांचा दर्जा उतरवावा किंवा पैसा कार्डासाठी राखून ठेवावा. तो चाळीस ते शंभरच्या दरम्यान वरखाली होत असेल आणि नवा मॉनिटर घ्यायचाच असेल, तर बदलत्या तालाचाच घ्यावा. त्यात वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून अधिक आहे ना, हे पाहून घ्यावे. बुद्धिबळ, पत्ते किंवा सावकाश चालणारे डावपेचांचे खेळ खेळणाऱ्याने चालू स्थितीतील मॉनिटर केवळ या सोयीसाठी बदलण्याचे कारण नाही.

घरी आणल्यावरही काम संपत नाही. ही सोय मॉनिटरच्या स्वतःच्या यादीत आणि ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, अशा दोन्ही ठिकाणी चालू करावी लागते. जोडणीची केबल योग्य प्रकारची हवी. डिस्प्लेपोर्ट असल्यास तीच वापरणे श्रेयस्कर. विंडोजमधील रिफ्रेश रेटही तपासावा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर नकळत ६० वरच चालत असल्याचे अनेक घरांत आढळते. खेळातील चित्रांची संख्या पडद्याच्या वरच्या आकड्यापेक्षा दोन-तीनने कमी राखावी, म्हणजे पडदा आपली मर्यादा ओलांडून पुन्हा जुन्या वेळापत्रकात अडकत नाही. आणि नवा मॉनिटर विकत घेण्यापूर्वी जुन्याची यादीही एकदा उघडून पाहावी. अलीकडच्या पुष्कळ मॉनिटरांत ही सोय अगोदरच असते. ती कोणी चालू केलेली नसते, इतकेच.

चित्रपटाच्या दांड्याने, विजेच्या पुरवठ्याने आणि काचनळीच्या झोताने पडद्याला जो ताल लावून दिला, तो त्या त्या काळी योग्यच होता. ती कारणे निघून गेल्यावरही ताल मागे उरला आणि संगणकाने त्याच्याशी जुळवून घेतले. आता पडद्याला चित्राशी जुळवून घेता येते. या सुधारणेसाठी किती पैसे मोजायचे, हे मात्र आपला संगणक कोणत्या चालीने चालतो, ते मोजून पाहिल्यावरच ठरवणे शहाणपणाचे होय.